पाडलेलं हॉटेल पुन्हा तसंच बांधावं का?

७ जानेवारी २००७ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावात एका बंद पडलेल्या हॉटेलावर बुलडोझर चालायला लागला. वार रविवार, म्हणजे नगरपालिकेची कचेरी बंद. पाडकामाचा परवाना कोणी काढलेला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते पाहिलं, फोनाफोनी झाली, पोलीस आले आणि काम थांबलं. पण तोवर इमारतीचा मोठा भाग ढिगारा होऊन पडला होता. रस्त्याकडेची भलीमोठी निऑन पाटी मात्र वाचली. हे हॉटेल म्हणजे जॉनीज ब्रॉयलर. बर्गर, फ्राइज आणि मिल्कशेकचं, गाडीतच ट्रे आणून देणारं. गावातल्या किती जणांचं तरुणपण त्याच्या पार्किंगमध्ये गेलं असेल, त्याची गणती नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच जागेवर हॉटेल पुन्हा सुरू झालं. मूळ नकाशे काढले, वाचलेले भाग जपून वापरले आणि १९५८ साली होतं तसं रूप परत उभं केलं. चालवणारे बदलले, नावही ‘बॉब्ज बिग बॉय ब्रॉयलर’ झालं. फायरस्टोन बुलेव्हार्डवरून जाताना आज ते दिसतं तेव्हा नवखा माणूस समजतो, हे सत्तर वर्षं असंच उभं आहे.

इथेच वाद सुरू होतो. जुन्या वास्तूंची कळकळ असलेल्या, अभ्यासू माणसांचा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, पडलं ते पडलं. आता उभं आहे ती हुबेहूब प्रतिकृती. तिला जुनं म्हणणं म्हणजे लोकांची फसवणूक. शिवाय प्रतिकृती करता येते असं एकदा ठरलं की बुलडोझरवाल्याचं फावतं: पाडा, नंतर बांधू तसंच. दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट टोकाचा. अहो, साधं बर्गरचं दुकान ते! त्याला कसला आलाय वारसा?

मी आर्टेशियाजवळ राहते. पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांत वाणसामान आणायला जाणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हा परिसर ठाऊक आहे, आणि डाउनी तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्या शाकाहारी घराला या हॉटेलांत खाण्यासारखं फार नसतं. तरीही मला वाटतं की डाउनीने केलं ते योग्य केलं, आणि मोहल्ल्यातलं ओळखीचं हॉटेल गेलं तर ते परत बांधण्याचा आग्रह गावाने धरावा. मात्र परत बांधणं आणि जुन्या काळाची सजावट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज कंपन्या दुसरी गोष्ट करतात आणि नाव पहिलीचं घेतात. माझं भांडण तिथे आहे.

आधी त्या दुसऱ्या आक्षेपाचं बघू. ही इमारत १९५८ मध्ये ‘हार्वीज ब्रॉयलर’ या नावाने उघडली. तो काळ दक्षिण कॅलिफोर्नियात मोटारीचा. संत्र्यांच्या बागा तोडून घरं उठत होती, रुंद सरळ रस्ते पडत होते, आणि डाउनीतल्याच विमान कारखान्यात पुढे अपोलो यान तयार व्हायचं होतं. ताशी साठ-सत्तर किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला दुकान दिसलं पाहिजे, दिसलं की वळावंसं वाटलं पाहिजे आणि वळण्याइतका वेळही मिळाला पाहिजे. या गरजेतून एक अख्खी वास्तुशैली जन्माला आली. वर झेपावणारी तिरकी छपरं, जमिनीपासून आढ्यापर्यंत काचा, आतला स्वयंपाक बाहेरून दिसेल अशी भट्टीची मांडणी, आणि इमारतीपेक्षा उंच पाटी. तिला ‘गुगी’ म्हणतात. सनसेट बुलेव्हार्डवर जॉन लॉटनरने १९४९ मध्ये बांधलेल्या त्या नावाच्या कॉफी शॉपवरून हे नाव पडलं. पन्नासच्या दशकातले वास्तुकलेचे जाणकार या शैलीची टर उडवत. बँका, संग्रहालयं, चर्च यांना वास्तुकला म्हणायचं आणि माणसं जिथे रोज खातात त्याला टपरी म्हणायचं, ही दृष्टी तेव्हाही होती, आजही आहे.

पण गावाच्या आठवणीत काय राहतं? नगरपालिकेच्या इमारतीत माणूस बिल भरायला जातो. ब्रॉयलरमध्ये तो पहिल्या पगारातून खातो, पोरीला घेऊन जातो, परीक्षा बुडाली की जाऊन बसतो. शनिवारी रात्री फायरस्टोनवरून गाड्यांची रांग हळूहळू ब्रॉयलरच्या आवारात शिरायची, एक फेरी मारून बाहेर पडायची, परत शिरायची. खाणं हे निमित्त. सामान्य माणसाच्या आयुष्याचा इतिहास जपायचा असेल तर तो या असल्या जागांत जपावा लागतो, कारण दुसरीकडे कुठे तो लिहून ठेवलेलाच नाही.

आता पहिला, जड आक्षेप. प्रतिकृती म्हणजे फसवणूक का?

अमेरिकेच्या गृहखात्याने (इथे हे खातं राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक वास्तू बघतं) जुन्या वास्तूंसाठी जे निकष घालून दिले आहेत, त्यांत जतन, पुनर्वापर, जीर्णोद्धार यांच्या जोडीला पुनर्बांधणी हाही मार्ग मान्य केलेला आहे. अट अशी की कागदोपत्री पुरावा हवा, अंदाजपंचे काही करायचं नाही, आणि हे नव्याने बांधलेलं आहे हे लपवायचं नाही. मला ही अट फार मोलाची वाटते, कारण सगळा फरक तिच्यात आहे. ब्रॉयलरच्या बाबतीत नकाशे होते, फोटो होते, वाचलेली पाटी होती, जागा तीच होती, आणि पाडलं गेलं हे तर अख्ख्या गावाला माहीत होतं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. उलट ती पुनर्बांधणी हीच आता त्या हॉटेलाच्या इतिहासातली मोठी घटना आहे: गावाच्या डोळ्यांदेखत एक जागा बेकायदा पाडली गेली आणि लोकांनी ती परत मिळवली.

‘पाडा, नंतर बांधू’ या भीतीवर मात्र उत्तर द्यायला हवं, कारण ती खरी आहे. जॉनीज ब्रॉयलर २००१ च्या अखेरीस बंद पडलं आणि आवारात जुन्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास राज्याच्या वारसा आयोगाने ही इमारत ऐतिहासिक नोंदीसाठी पात्र ठरवली होती. पण नोंदीला मालकाची हरकत असली तर गोष्ट ‘पात्र’ या शब्दापाशीच थांबते. म्हणजे सरकारने मान्य केलं की इमारत मोलाची आहे, आणि त्या मान्यतेने तिचं संरक्षण मात्र काही झालं नाही. बुलडोझर आला तेव्हा आडवे आले ते रस्त्यावरून जाणारे लोक. पुढे जागा भाड्याने घेणाऱ्यावर फौजदारी कारवाई झाली, आणि लोकांनी संघटना करून पाठपुरावा केला म्हणून जागेवर काही भलतंच उभं राहिलं नाही. धाक असला, तो असा हवा: विनापरवाना पाडलंत तर त्या जागी दुसरं काही उभारता येणार नाही, पाडलेलंच परत बांधावं लागेल. हे नगरपालिकेच्या नियमात आधीच लिहिलेलं असेल तर पाडण्यातला फायदाच संपतो. पुनर्बांधणीमुळे बुलडोझरवाल्याचं फावतं हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. पुनर्बांधणीची सक्ती असेल तर त्याचं काहीच फावत नाही.

याच डाउनीत, लेकवूड बुलेव्हार्ड आणि फ्लॉरेन्स अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, मॅकडोनल्ड्सचं जगातलं सगळ्यात जुनं टिकून राहिलेलं दुकान आहे. ऑगस्ट १९५३ मध्ये उघडलेलं. मॅकडोनल्ड्सची साखळी देशभर पसरवणारा रे क्रॉक हा माणूस त्या धंद्यात यायच्या आधीचं. रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनोला १९४८ च्या शेवटी आपलं हॉटेल नव्या पद्धतीने सुरू केलं: नऊच पदार्थ, पंधरा सेंटचा हॅम्बर्गर, कपबश्या नाहीत, काटे-चमचे नाहीत, गाडीपाशी ट्रे आणणाऱ्या मुली नाहीत, गिऱ्हाइकाने खिडकीशी यायचं आणि घेऊन जायचं. डाउनीचं दुकान याच पद्धतीचं. स्टॅन्ली मेस्टन या वास्तुविशारदाने आराखडा केला.

इमारतीच्या दोन बाजूंना दोन पिवळ्या कमानी छपराला भेदून वर जातात. पुढे छप्पर उतरतं आणलं आहे, त्यामुळे खिडकीशी उभं राहिलं की डोक्यावर सावली येते. भिंतींना लाल-पांढऱ्या टाइल्स. मूळ इमारतीत बसायला जागाच नाही, काचेच्या पलीकडे माणसं काम करताना दिसतात, आणि आपण रांगेत उभे. उंच खांबावर ‘स्पीडी’ हा स्वयंपाक्याची टोपी घातलेला, निऑनच्या पायांनी धावणारा जुना बोधचिन्हाचा बाहुला. इथलं ॲपल पाय अजूनही तळून देतात, बाकी अमेरिकेतल्या बहुतेक दुकानांत ते भाजलेलं मिळतं. शेजारी जोडलेल्या बांधकामात लहानसं संग्रहालय आहे, पण गर्दी असते ती खिडकीपाशी. शाळेच्या गणवेशातली मुलं, रुग्णालयाच्या निळ्या कपड्यांतल्या बायका, बांधकामावरून आलेले मजूर. कोणी इतिहास बघायला आलेलं नसतं. भूक लागली म्हणून आलेले असतात. आणि ते तसं आहे म्हणून ती वास्तू जिवंत आहे.

हे दुकान वाचलं ते कंपनीच्या कृपेने नाही. त्याचा करार थेट मॅकडोनल्ड बंधूंशी होता, क्रॉकच्या कंपनीशी नव्हता. त्यामुळे कंपनीने साठ-सत्तरच्या दशकांत सगळीकडच्या कमानी काढून उतरत्या छपरांची तपकिरी दुकानं केली तेव्हा डाउनीला तो हुकूम लागू झाला नाही. बिग मॅकसारखे नवे पदार्थही त्याला मिळत नव्हते. १९९० मध्ये कंपनीने ते ताब्यात घेतलं. जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर ते बंद केलं. नुकसान झालंय, बसायला जागा नाही, गाडीतून ऑर्डर द्यायची खिडकी नाही, धंदा होत नाही, अशी कारणं दिली. त्याच वर्षी देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक जागांच्या यादीत ते आलं. लोक बोलले, वृत्तपत्रं बोलली, राज्याचे गव्हर्नर बोलले. १९९६ च्या अखेरीस दुकान दुरुस्त होऊन परत उघडलं, आणि ‘धंदा होत नाही’ म्हटलेली ती खिडकी आजही चालते आहे.

आता शिकागोजवळच्या डे प्लेन्सचं उदाहरण घ्या. रे क्रॉकचं पहिलं दुकान तिथे १५ एप्रिल १९५५ ला उघडलं. कंपनीच्या दृष्टीने तीच पवित्र भूमी. ते दुकान १९८४ मध्ये पाडलं आणि १९८५ मध्ये त्याच जागी हुबेहूब नवं बांधलं. लाल-पांढऱ्या टाइल्स, कमानी, पाटी, सगळं आलं. पण आत खायला मिळत नव्हतं. जुन्या गणवेशातले पुतळे, जुनी यंत्रं, काचेतून बघायचं आणि बर्गर हवा असेल तर रस्त्यापलीकडच्या नव्या दुकानात जायचं. शेजारची नदी फुगली की पाणी शिरायचं. शेवटी कंपनीनेच ते २०१८ मध्ये पाडून टाकलं. फार हळहळ झाली नाही. ज्या जागेत कोणी खात नाही तिच्यासाठी कोण रस्त्यावर उतरणार?

म्हणून जुनं-नवं हा माझ्या लेखी मूळ प्रश्नच नाही. डे प्लेन्स आणि ब्रॉयलर, दोन्ही प्रतिकृतीच. दोन्ही मूळ जागेवर. एक बाहुल्यांचं घर झालं आणि गेलं, एकात आज रविवारी सकाळी टेबल मिळायला थांबावं लागतं.

आणि तिसरा प्रकार म्हणजे ‘रेट्रो’. हा मात्र मला खरोखर खटकतो. गावातलं बर्गरचं दुकान जुनं झालं की कंपनी ते पाडते आणि जाहीर करते की नवं दुकान ‘पन्नासच्या दशकातलं’ असेल. मग काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची फरशी येते, लाल रेक्झिनची बाकं येतात, नाणं टाकलं की गाणं वाजवणारा ज्यूकबॉक्स येतो, एल्व्हिसचे फोटो येतात. शिकागोत तर १९८३ पासून ‘रॉक अँड रोल मॅकडोनल्ड्स’ नावाचं दुकानच होतं. २००५ मध्ये साठ फुटी कमानी लावून त्याची भव्य पुनर्बांधणी झाली, आणि २०१८ मध्ये तेही मोडून तिथे काच-लाकडाची आधुनिक इमारत आली. बांधताना आठवणींचा केवढा गाजावाजा, आणि तेरा वर्षांत त्या आठवणींची गरज संपली.

खरं काय होतं ते बघा. पन्नासच्या दशकातल्या मॅकडोनल्ड्समध्ये ज्यूकबॉक्स नव्हता. क्रॉकने तो लावूच दिला नाही. सिगारेटचं यंत्र नाही, सार्वजनिक फोन नाही. पोरंटोरं रेंगाळतील आणि कुटुंबं यायची थांबतील, हा त्याचा हिशेब. बाकं नव्हती, कारण आत बसायची सोयच नव्हती. म्हणजे मॅकडोनल्ड्सच्या रेट्रो दुकानात जे दाखवतात ते त्या दुकानाचं बालपण नाहीच. ते शेजारच्या डायनरचं, म्हणजे बसून खायच्या साध्या अमेरिकन हॉटेलाचं, बालपण आहे, आणि ती डायनरं याच झटपट खाण्याच्या कंपन्यांपुढे टिकली नाहीत. ज्याला बाजारातून उठवलं त्याच्या आठवणी अंगावर घालून मिरवणं मला योग्य वाटत नाही. अंदाजपंचे काही करू नका, ही अट इथे पहिल्याच पायरीवर मोडते.

नगरपालिकाही इथे चुकीच्या गोष्टींवर जोर खर्च करतात. इमारतीची परवानगी मागायला कंपनी आली की चर्चा होते विटांच्या रंगाची, पाटीच्या उंचीची, छपराच्या उताराची. ॲरिझोनातल्या सेडोना गावाने लाल डोंगरांशी पिवळा रंग विजोड दिसेल म्हणून कमानी फिरोजी करायला लावल्या. न्यूयॉर्कजवळच्या न्यू हाइड पार्कला अठराव्या शतकातला वाडा न पाडता त्यातच दुकान थाटायला लावलं. कंपनी ऐकते, हे यावरून दिसतं. परवानगी हातात असेपर्यंत गावाचं वजन असतं. मग ते वजन रंगावरच का संपवायचं? फुटपाथवरून चालत येणाऱ्याला दार कुठे आहे, बसायला जागा किती, म्हाताऱ्या माणसाला एक कॉफी घेऊन किती वेळ बसू देणार, हे कोणी विचारत नाही.

यातला शेवटचा प्रश्न मी उगीच काढत नाही. जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये कोरियन आजी-आजोबा मॅकडोनल्ड्समध्ये तासन्तास बसतात म्हणून पोलीस बोलावले जात होते. भिंतीवर वीस मिनिटांची मर्यादा लिहिलेली होती. ही माणसं रोज यायची, एखादी कॉफी, थोडे फ्राइज घ्यायची, एकमेकांशी बोलायची. घरं लहान, मुलं कामावर, बर्फाचे दिवस. दुकानदाराची अडचण खोटी नव्हती. दुपारच्या गर्दीत टेबलं अडली तर त्याचं नुकसान होतंच. शेवटी स्थानिक लोकप्रतिनिधी मध्ये पडला आणि गर्दीच्या वेळा सोडून बसायचं अशी तडजोड झाली. बघा, माणसांना मोहल्ल्यातल्या हॉटेलाकडून काय हवं असतं ते या भांडणात उघड झालं. त्यांना निऑनची नळी नको होती. खुर्ची हवी होती, आणि तिच्यावरून कोणी उठवू नये एवढंच हवं होतं.

पन्नासच्या दशकाबद्दल आणखी एक बोलायलाच हवं, कारण रेट्रोच्या गुळगुळीत चित्रात ते कुठेच नसतं. तेव्हाच्या अमेरिकेत कितीतरी हॉटेलांच्या काउंटरवर काळ्या माणसाला बसू देत नसत. फेब्रुवारी १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला चार काळे विद्यार्थी वुलवर्थ या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांना वाढायला नकार मिळाला, तिथून सत्याग्रहांची लाट उठली. १९६३ मध्ये आर्कान्सामधल्या पाइन ब्लफला मॅकडोनल्ड्ससमोरच अशी निदर्शनं झाली. या भेदभावाला बंदी घालणारा कायदा व्हायला १९६४ उजाडलं. आपल्याकडे गावच्या चहाच्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या असत, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. डाउनीही तेव्हा जवळपास गोऱ्यांचीच वस्ती होती. आज गावातले बहुसंख्य लोक लॅटिनो, म्हणजे मूळचे मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकेकडचे आहेत. ब्रॉयलर परत उभं राहिलं तेव्हा ते या लोकांसाठी उभं राहिलं, ज्यांच्या आजोबांना १९५८ मध्ये या गावात घर मिळालं असतं की नाही कोण जाणे. आज तिथल्या बाकांवर त्यांच्या मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे (लॅटिनो घरांत तो थाटात करतात) फोटो काढले जातात. हॉटेल संग्रहालय झालं असतं, तर ती जुन्या गोऱ्या वस्तीची आठवण म्हणून राहिली असती. हॉटेल म्हणून चाललं म्हणून ते नव्या लोकांचं होऊ शकलं. पुनर्बांधणीच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा मुद्दा नाही.

हे सगळं लिहिताना मन मुंबईकडे जातं, ते ओढूनताणून नाही. इराणी हॉटेलाची रेट्रो आवृत्ती आज जगभर विकली जाते. लंडनमध्ये २०१० पासून ‘डिशूम’ तेच करतं, आणि मनापासून, अभ्यास करून करतं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आरसे, जुन्या जाहिराती. मला त्याचा राग नाही. परक्या शहरात त्यांनी मुंबईची ओळख पोचवली. पण मुंबईतली खरी इराणी हॉटेलं एकेक करून मिटत असताना आपण काय जपतो? १९९५ पासून मुंबईला वारसा नियमावली आहे. ती दर्शनी भाग बघते, इमारतीची श्रेणी बघते. तळमजल्यावर मस्का पाव आणि पानी कम चहा मिळत राहील का, हे ती बघत नाही. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी भाडेकरूंची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की तळमजल्याच्या दुकानदाराला आधीएवढं क्षेत्रफळ मिळतं. पण इराणी हॉटेल क्षेत्रफळावर चालत नव्हतं, कोपऱ्यावर चालत होतं. दोन रस्त्यांना उघडी दारं, फुटपाथला लागून पायरी, ट्रामच्या काळापासून तिथे पडलेली वाट. नव्या टॉवरच्या पोटात, पार्किंगच्या मागे तेवढेच चौरस फूट मिळाले तर हॉटेल मेलंच म्हणायचं. आराखडा मंजूर करताना जुन्या खानावळीला, इराण्याला, उपाहारगृहाला रस्त्याकडचा कोपरा आणि रस्त्यावर उघडणारं दार परत द्यायची अट घालता येईल. याला सरकारचा एक पैसा लागत नाही. गिरगाव-दादरच्या नगरसेवकांनी आणि त्यांना मतं देणाऱ्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. नाहीतर मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर ‘जुनी मुंबई’ थीमचं रेस्टॉरंट उघडेल आणि तिथला चहा खाली उभ्या असलेल्या हमालाला परवडणार नाही.

डाउनीकडे परत येते, कारण तिथलं एक काम राहिलं आहे. टॅको बेलचं पहिलं दुकान, १९६२ सालचं, याच गावात फायरस्टोन बुलेव्हार्डवरच होतं. ग्लेन बेलने ते उभारलं. कडक कवचाचा टॅको कसा करतात हे तो सॅन बर्नार्डिनोच्या ‘मिटला कॅफे’ या मेक्सिकन कुटुंबाच्या हॉटेलात खाऊन-पाहून शिकला होता. डाउनीतलं दुकान म्हणजे जेमतेम चारशे चौरस फुटांची खोली, पुढे कमानी, बाहेर खिडकी. १९८६ मध्ये टॅको बेल तिथून गेलं, मग दुसरे टॅकोवाले तिथे धंदा करत राहिले. २०१५ मध्ये पाडायची वेळ आली तेव्हा कंपनीने ती इमारत उचलली, ट्रकवर चढवली आणि नोव्हेंबरच्या एका रात्री सुमारे सत्तर किलोमीटर दूर आयर्विनला आपल्या मुख्यालयाच्या आवारात नेली. वाचवली, याबद्दल कंपनीचे आभार मानायला हवेत. पण मुख्यालयाचं आवार हा मोहल्ला नाही. तिथे शाळा सुटल्यावर कोणी येत नाही, रात्रपाळीवरून परतणारा मजूर थांबत नाही.

आज ज्या गावात टॅको घराघरांत होतात, त्या गावाला ती खोली परत द्या. फायरस्टोनवर जागा शोधा, खिडकी उघडा, मिटला कॅफेचं नाव पाटीवर ठळक लिहा आणि टॅको विका. डाउनी नगरपालिकेने कंपनीकडे ही मागणी लेखी करावी, आणि पुढच्या वेळी ही कंपनी गावात नव्या दुकानाची परवानगी मागायला येईल तेव्हा विटांच्या रंगाआधी हा विषय टेबलावर घ्यावा.